घरोघरच्या भेटी आणि वहीतले आकडे

आपल्या मंडळातील काही कुटुंबे दर वर्षी गावाकडच्या एखाद्या कामाला थोडीफार रक्कम देतात. बाळंतीण आणि तान्हे बाळ यांना घरी जाऊन भेटणाऱ्या कार्यकर्त्यांच्या कामाला यंदा ती द्यावी असा विचार निघाला. त्याबरोबर प्रश्नही निघाला, की असे काम खरोखर नीट चालले आहे हे जेद्दात बसून ओळखायचे कसे? माहितीपत्रके सगळ्यांचीच सुबक असतात. मी डॉक्टर नाही. बलदमधल्या एका घाऊक व्यापाऱ्याच्या ऑफिसात मालाच्या नोंदींचे सॉफ्टवेअर सांभाळणे हा माझा व्यवसाय. पण प्रश्न नोंदींचा आहे म्हणून तो माझ्याकडे आला, आणि त्यानिमित्ताने जे वाचले, विचारले, ते या पानावर मांडत आहे.

बलदच्या बाजारात ज्यांचा कामानिमित्त वावर आहे त्यांना 'जर्द' हा शब्द ठाऊक असेल. वर्षातून एकदा दुकान अर्धे बंद ठेवून एकेक नग हाताने मोजायचा. समजा, कॉम्प्युटर सांगतो कापडाचे ४०० तागे आहेत आणि फळीवर भरतात ३७१. उरलेले २९ गेले कुठे? शहाणा मालक अशा वेळी आधी कारकुनावर ओरडत नाही. कारण ओरडला, तर पुढच्या वर्षी कॉम्प्युटर आणि फळी यांचा आकडा अगदी तंतोतंत जुळतो, आणि तागे मात्र जातच राहतात. तान्ह्या बाळांच्या नोंदींचेही असेच आहे. फरक इतकाच की तिथे हिशेबातून गळते ते एखादे मूल असते.

या विषयाची सर्वांत चांगली हकीकत आपल्याच महाराष्ट्रातली आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली हे बहुतेकांना माहीत असेल. नवजात बाळांवर घरच्या घरी उपचार करण्याचा त्यांचा प्रयोगही अनेकांनी ऐकला असेल. त्या प्रयोगातली मोजणी कशी होती याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. ३९ गावांत नवी सेवा द्यायची आणि त्यांच्यासारख्याच ४७ गावांत नेहमीचीच व्यवस्था राहू द्यायची, असे ठरले. सेवा सुरू करण्याआधी, १९९३ ते १९९५ अशी दोन वर्षे, दोन्हीकडे फक्त मोजणी झाली. हजार जिवंत जन्मांमागे पहिल्या २८ दिवसांत दगावणारी बाळे एकीकडे ६२ आणि दुसरीकडे ५८ निघाली. म्हणजे सुरुवातीला दोन्ही भाग जवळजवळ सारखेच होते. त्यानंतर १९९५ ते १९९८ या काळात गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार करण्यात आले. त्या बाळंतपणाला हजर राहत, बाळाचे वजन करत, त्याला उबेत ठेवत, अंगावर पाजण्यात अडचण असेल तर आईला मदत करत आणि जंतुदोषाची लक्षणे दिसली तर औषध व इंजेक्शन देत. त्यांच्या कामावर देखरेख करणारा माणूस दर पंधरवड्याला गावात येई.

यातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट अशी, की सर्व जन्म आणि मृत्यू टिपण्याचे काम वेगळ्याच माणसांकडे होते. सेवा देणारी एक आणि अखेरचा हिशेब मांडणारा दुसरा. आमच्याकडेही गोदाम ज्याच्या ताब्यात, त्याच्याकडे जर्द देत नाहीत.

निकाल १९९९ च्या डिसेंबरात 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तिसऱ्या वर्षी ९३ टक्के नवजात बाळांपर्यंत सेवा पोचली होती आणि मृत्यूचे प्रमाण हजारी २५.५ वर आले होते. सेवा नसलेल्या गावांशी ताडून पाहता ही घट ६२ टक्के भरते. जंतुदोष झालेल्या बाळांचे आकडे तर कोणालाही समजतील असे आहेत. उपचार सुरू होण्यापूर्वी अशा १६३ बाळांपैकी १६.६ टक्के, म्हणजे २७ दगावली होती. आरोग्यदूतांनी उपचार सुरू केल्यावर ७१ पैकी २.८ टक्के, म्हणजे दोन. टक्केवारीबरोबर एकूण बाळे किती होती हेही दिलेले असल्यामुळे तुम्ही-आम्ही हा भागाकार घरी करून पाहू शकतो. ज्या अहवालात नुसते '८० टक्के सुधारणा' असते आणि कितीपैकी हे नसते, तो मी तरी बाजूला ठेवतो.

खर्चही तिथे दिलेला आहे. एका बाळामागे ५.३ डॉलर, म्हणजे साधारण २० रियाल. आणि १९९७-९८ मध्ये अशी सेवा मिळालेल्या दर १८ बाळांमागे एक मृत्यू टळला. गुणाकार केला तर एक जीव वाचवायला साडेतीनशे रियालच्या आसपास खर्च आला. आज महागाईमुळे ही रक्कम पुष्कळ वाढलेली असणार, पण आपण काय पाठवतो आहोत याचा अंदाज यावरून येतो.

आता नोंदी चुकतात कुठे ते पाहू. फसवण्याचा हेतू क्वचित असतो. बहुतेक चुका आपल्या रीतिरिवाजातूनच येतात, आणि म्हणून त्या आपल्या लोकांना चटकन कळतील.

पहिली गोष्ट माहेरची. बाई सासरच्या गावात गरोदर म्हणून नोंदली जाते आणि सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते. बाळ जन्मते माहेरच्या गावात किंवा तालुक्याच्या दवाखान्यात. सासरची कार्यकर्ती म्हणते ती इथे नाही, माहेरची म्हणते ती आमची नाही. बाळाचे पहिले चाळीस दिवस, ज्यांत धोका सर्वांत जास्त, ते दोन वह्यांच्या मधल्या फटीत जातात. ऊसतोडणीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबांची गत याहून कठीण. आपल्यापैकी कितीतरी जणींनी बाळंतपणासाठी इथून पुणे, सातारा, रत्नागिरी गाठले आहे आणि बाळाचा पासपोर्ट हाती येताच परत आल्या आहेत. त्या बाळांच्या लसींची अर्धी नोंद तिथल्या कार्डावर आणि अर्धी इथल्या. दोन्ही देशांची वेळापत्रके सारखी नाहीत. त्यामुळे दोन्ही कार्डे एकत्र ठेवून इथल्या बालरोगतज्ज्ञांकडून एकदा ताडून घ्यावीत, हे जाता जाता सांगतो.

दुसरी गोष्ट नावाची. बारशापर्यंत बाळाला नाव नसते. वहीत आईच्या नावापुढे 'चे बाळ' एवढेच. पुढे नाव पडते, ते अंगणवाडीच्या नोंदवहीत एक, लसीच्या कार्डावर दुसरे आणि आजीने हाक मारायचे तिसरे. आईचे नावही कधी माहेरचे, कधी सासरचे. कॉम्प्युटरला ही तीन वेगळी मुले वाटतात, किंवा दोन वेगळ्या मुलांचे तो एक करून टाकतो. यावर उपाय सोपा आहे. गरोदरपणाच्या पहिल्या नोंदीलाच एक क्रमांक द्यायचा आणि माहेर असो वा सासर, तोच पुढे चालवायचा.

तिसरी गोष्ट सांगताना जड जाते. जन्मल्यावर काही तासांतच जे बाळ जाते, त्याच्याबद्दल घरात बोलत नाहीत. विचारले तर 'मेलेलेच झाले' असे सांगून विषय संपवतात, आणि लिहिणाराही तसेच लिहितो. त्याने एक श्वास घेतला होता का, ते रडले होते का, हे विचारायचा धीर कोणाला होत नाही. त्यामुळे नवजात मृत्यूंच्या रकान्यातून ते मूल उपजत मृत्यूंच्या रकान्यात जाते आणि कागदावर सुधारणा दिसू लागते. वर सांगितलेल्या गडचिरोलीच्या अभ्यासात उपजत मृत्यू आणि पहिल्या आठवड्यातले मृत्यू यांची बेरीजही वेगळी मोजली होती, आणि तीही तुलनेने ७१ टक्क्यांनी घटली होती. मूल एका रकान्यातून दुसऱ्यात ढकलून ही बेरीज कमी होत नाही. म्हणून कोणत्याही संस्थेकडे दोन्ही आकडे मागावेत. एकच देत असतील तर दुसरा का नाही, हे नम्रपणे पण जरूर विचारावे.

ही नुसती शंका नाही. २००१ साली महाराष्ट्रातल्या काही स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या भागात गावोगाव आणि झोपडपट्ट्यांत मृत्यूंची स्वतः मोजणी करून 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला. सरकारदरबारी नोंदले जाणारे बालमृत्यू खऱ्यापेक्षा फारच कमी आहेत, हे त्यातून पुढे आले. वर्तमानपत्रांत आणि विधिमंडळात त्यावर गदारोळ झाला. पुढे राज्य सरकारने डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यूंच्या मूल्यमापनासाठी समिती नेमली. ज्या तालुक्यात मृत्यू प्रामाणिकपणे लिहिले जातात तो वाईट ठरतो आणि जिथे लिहिलेच जात नाहीत तो आदर्श ठरतो, ही अडचण कागदी आकड्यांत नेहमीचीच आहे. अधिकारीही माणूसच. जास्त मृत्यू लिहिणाऱ्याला नोटीस निघत असेल, तर लिहिणारे हात आखडतात. कारकुनावर ओरडणाऱ्या मालकाची गोष्ट वर सांगितली ती याचसाठी.

गडचिरोलीचे काम बघून २०११ साली ही पद्धत देशभर आशा कार्यकर्तीमार्फत लागू झाली. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा गृहभेटी. घरी झाले असेल तर पहिल्या दिवसाची एक जादा. सर्व भेटी झाल्या, जन्मवजन लिहिले गेले, पहिल्या लसी टोचल्या, जन्माची नोंदणी झाली आणि बेचाळीस दिवसांपर्यंत आई-बाळ सुखरूप राहिले, तर आशाला २५० रुपये, असे तेव्हा ठरले. २०१८ पासून पुढच्या वयासाठी ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यांच्या पाच भेटी त्याला जोडण्यात आल्या. भेटीची कल्पना परदेशातही नवी नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा गावी १९७० च्या दशकाअखेरीस डेव्हिड ओल्ड्स यांनी नर्सच्या गृहभेटींचा अभ्यास सुरू केला होता, आणि २०१० च्या कायद्याने तिथे अशा भेटींना केंद्र सरकारचा पैसा मिळू लागला. तो घेणाऱ्या राज्यांना ठरवून दिलेल्या सहा बाबींपैकी निदान चारांत सुधारणा आकड्यांनिशी दाखवावी लागे.

आता आशाच्या त्या २५० रुपयांचा विचार करा. सगळे रकाने भरले तर पैसे, एक राहिला तर नाही. पावसाने नाला भरला म्हणून चौदाव्या दिवशी जाता आले नाही, तर ती बिचारी काय करील? तिला दोष देण्यापूर्वी ही पद्धत आखणाऱ्याने आरशात पाहावे असे माझे मत आहे. 'भेट झाली नाही, कारण नाल्याला पूर' असे लिहिण्याची सोय आणि ते लिहिल्याबद्दल दंड न होण्याची खात्री असेल, तरच वहीत खरे उतरते. आणि खरे उतरले तर पुढच्या पावसाळ्यात नाल्यापलीकडच्या वस्तीसाठी पलीकडचीच बाई नेमता येते.

कामात सुधारणा म्हणतात ती हीच. तिच्या पाठीमागचे शास्त्र कारखान्यातून आले. १९२४ साली अमेरिकेत वॉल्टर शूहार्ट यांनी टेलिफोनचे सामान बनवताना आलेखावरून दोष ओळखण्याची रीत काढली आणि १९५० नंतर डेमिंग यांनी ती जपानात नेली. ही रीत गृहभेटींना लावायची तर अशी: समजा, एका भागात तिसऱ्या दिवसाची भेट शंभरातल्या साठच बाळांना मिळते. आधी राहिलेल्या चाळीसांची कारणे लिहायची. समजा, निघाले की त्यांतल्या निम्म्यांची दवाखान्यातून सुटी झाल्याचे कार्यकर्तीला कळलेच नव्हते. मग सगळ्या तालुक्याला परिपत्रक न काढता दोनच गावांत करून पाहायचे, की सुटी देताना दवाखान्यातल्या नर्सने कार्यकर्तीला फोन करावा. महिनाभर दर आठवड्याचा ठिपका भिंतीवरच्या कागदावर काढायचा. साठाचे पंचाहत्तर झाले तर आणखी पाच गावे. नाही झाले तर दुसरे काही. यात कुठेही भारी कॉम्प्युटर लागत नाही, हे माझ्या धंद्याच्या विरुद्ध असले तरी सांगतो.

साधन वापरणाऱ्याच्या हाताला जुळले पाहिजे, याचेही एक उदाहरण गडचिरोलीतच आहे. न्यूमोनिया ओळखायला बाळाचे मिनिटाचे श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० आणि त्यापुढे वर्षापर्यंत ५० किंवा त्याहून जास्त भरले तर धोका. पण गावच्या दाया निरक्षर. साठापर्यंत मोजणे त्यांना अवघड. तेव्हा मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी असे साधे यंत्र त्यांच्यासाठी तयार केले गेले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलो तर बाळ आजारी. याउलट २०२१ साली महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल फोन परत केले होते. फोन जुने, सारखे बंद पडणारे, आणि नोंदीचे नवे ॲप इंग्रजीत. बातमी वाचून आमच्या ऑफिसातले काही हसले. मला हसू आले नाही. ते ॲप कोणीतरी आमच्यासारख्यानेच बनवले होते, आणि मराठीत लिहिणाऱ्या बाईला इंग्रजी रकाना देऊन तिच्याकडून अचूक माहितीची अपेक्षा धरली होती.

आता आपल्या कामाचे. एखाद्या संस्थेचा अहवाल हाती आला तर दोन-तीन गोष्टी कोणालाही तपासता येतात. कामाच्या गावांची लोकसंख्या विचारा. महाराष्ट्रात २०२० च्या सुमारास हजार लोकांमागे वर्षाला साधारण १५ जन्म होत. म्हणजे दहा हजार वस्तीत १५० च्या आसपास बाळे हवीत. अहवालात ९० च असतील तर बाकीची कुठे? त्याच वर्षी राज्यात हजार जन्मांमागे सुमारे ११ नवजात बाळे दगावत. एखाद्या आदिवासी भागातल्या हजार बाळांत एकही मृत्यू नाही असे लिहिले असेल, तर आनंद मानण्याआधी मोजणी कोणी केली ते विचारा. जन्मवजनांची यादी मिळाली तर तीही बघा. अडीच किलोच्या आत कमी वजन धरतात. फार मोठ्या संख्येने बाळे नेमकी अडीच किलोचीच असतील, तर काटा न वाचता अंदाजाने लिहिले गेले आहे किंवा काट्याची खूणच तेवढी ठळक आहे. आणि शेवटी हे विचारा, की गेल्या वर्षी आकड्यांवरून तुम्ही कामात काय बदललेत? ज्याच्याकडे याचे एखादे रोकडे, गावाच्या नावासकट उत्तर आहे, त्याच्याकडे पैसे पाठवायला मला शंका वाटत नाही. मृत्यूंचे आकडे जरा जास्त असले तरी.

पैशांबाबत थोडे. सौदी अरेबियात परवान्याशिवाय वर्गणी गोळा करायला कायद्याने बंदी आहे, तेव्हा मंडळात डबा फिरवू नये. ज्याला द्यायचे त्याने आपल्या भारतातल्या खात्यातून थेट संस्थेच्या खात्यात द्यावे. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय अंशदान धरली जात नाही. आपल्यातल्या ज्यांनी दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले आहे त्यांची देणगी मात्र तशी धरली जाते. अशा वेळी संस्थेकडे त्या कायद्याखालची नोंदणी आणि नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतले त्यासाठीचे खाते असावे लागते. देणगीवरच्या करसवलतीची पावती मागून ठेवावी, पण तिचा उपयोग भारतात करपात्र उत्पन्न असेल आणि जुनी करपद्धत निवडली असेल तरच. रोखीने दोन हजार रुपयांवर दिले तर त्यावर ही सवलत मिळत नाही. बँकेतून पैसे पाठवताना 'कशासाठी' या रकान्यात गृहभेटींचे काम असे स्पष्ट लिहावे, म्हणजे वर्षाअखेर त्याचा हिशेब मागायला सोपे जाते.